माल अडला तर किती दिवस चालेल?

मागच्या अंकात दुर्मीळ खनिजांवर दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रे येऊ लागली. बहुतेकांचा रोख एकच: चीनचा पैसा, चीनचे यंत्र, चीनची शिष्यवृत्ती घ्यावी की नाही? माझी नोकरी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, खरेदी विभागात झाली. निंगबो आणि शेन्झेनच्या पुरवठादारांशी भाव करण्यात उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. काही पत्रे निवडून उत्तरे देते. कुणाचेही नाव छापलेले नाही.

ताई, वाळूजला माझे छोटे युनिट आहे. दुचाकीच्या सुट्या भागांचे जॉब वर्क करतो. एका चिनी कंपनीने इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचे रोटर इथे बनवण्यासाठी भागीदारी देऊ केली आहे. ४९ टक्के भांडवल त्यांचे, यंत्रे त्यांची, पोरांना ट्रेनिंगही तेच देणार. बिडकीनला इलेक्ट्रिक गाड्यांचे कारखाने येत आहेत, अशी संधी परत येणार नाही असे भाऊ म्हणतो. वडील म्हणतात, गलवान विसरलास का? मी काय करू?
— उद्योजक, वाळूज

आधी कायद्याचे बोलते, कारण त्यात पळवाट शोधणारे सल्लागार आपल्याकडे पुष्कळ आहेत. १७ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने ‘प्रेस नोट ३’ काढली. भारताला जमिनीवरून सीमा लागून असलेल्या देशातल्या कंपनीला आपल्याकडे एवढा मोठा हिस्सा घ्यायचा तर सरकारची मंजुरी लागते. चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीमधला हिस्सा एक टक्क्यावर गेल्याचे त्याच महिन्यात उघड झाले होते. पैसा हाँगकाँग किंवा सिंगापूरच्या कंपनीतून फिरवून आणला तरी खरा मालक कोण, हे बघितले जाते. तुम्हाला कुणी ‘सिंगापूरमार्गे करून देतो’ म्हणत असेल तर त्याच्या ऑफिसातून चहा न घेता उठा.

नकार द्यायलाही किंमत पडते, हेही सांगायला हवे. पुण्याजवळचा जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर्स घेणार होती. राज्य सरकारशी ३,७७० कोटींचा करार जून २०२० मध्ये झाला आणि त्याच दिवसांत गलवान घडले. मंजुरी आलीच नाही. २०२० च्या डिसेंबरात तळेगावची शेवटची गाडी बाहेर पडली, कामगार रस्त्यावर आले, आणि ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला तो थेट ऑगस्ट २०२३ मध्ये. त्या मधल्या काळात ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी ‘सामरिक धोका’ हा शब्द पोट भरणारा नव्हता. केंद्राच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालातही चीनमधून नुसता माल आणण्यापेक्षा त्यांची गुंतवणूक आणणे बरे, असा सूर होता. तेव्हा तुमचा भाऊ काही देशद्रोही बोलत नाही.

आता तुमच्या मालाकडे येऊ. रोटर हा मोटरचा फिरणारा भाग, आणि त्याचा जीव म्हणजे चुंबक. निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन. मोटर तापल्यावरही चुंबकाची ताकद टिकावी म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम. जगातली अशी नव्वद टक्क्यांच्या आसपास चुंबके चीनमध्ये बनतात. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ धातू आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. जुलैपर्यंत बजाज ऑटोला जाहीर सांगावे लागले की चुंबकांअभावी ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. नीट बघा, बंदी नव्हती. अर्ज करायचा, चुंबक कुणाच्या गाडीत जाणार याचे हमीपत्र द्यायचे, त्यावर शिक्के घ्यायचे, आणि मग बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयाच्या उत्तराची वाट बघायची. उशीर हेच हत्यार होते. उशिराविरुद्ध तक्रार तरी कुठे करणार?

हे तंत्र मूळचे चीनचे नव्हे. १९८० च्या दशकात जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स या दोघांनी जवळपास एकाच वेळी हे चुंबक शोधले. जनरल मोटर्सने ते बनवायला इंडियाना राज्यात मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली आणि १९९५ मध्ये ती विकून टाकली. घेणाऱ्या गटात दोन चिनी कंपन्या होत्या. अमेरिकेच्या सरकारने व्यवहार तपासून परवानगी दिली. पुढच्या काही वर्षांत यंत्रे चीनला गेली आणि इंडियानातली कामे बंद पडली. तपासणाऱ्यांनी त्या दिवशीची किंमत बघितली असेल, त्या दिवशीचे ग्राहक बघितले असतील. तीस वर्षांनी याच चुंबकावर कुणाची मोटर अडेल, हा प्रश्न त्या फायलीत नसावा. आणि डिसेंबर २०२३ मध्ये चीनने हेच चुंबक बनवण्याचे तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. म्हणून ‘ट्रेनिंग तेच देणार’ या वाक्यावर मी थांबले. कशाचे ट्रेनिंग? चुंबक बनवण्याचे, की आलेले चुंबक चिकटवण्याचे?

डोळ्यांनी पाहिलेले सांगते. वाळूजच्याच एका युनिटमध्ये रोटरवर चुंबक बसवण्याचे आयात केलेले प्रेस मशीन होते. टचस्क्रीनवर ऑपरेटरला दोनच बटणे: सुरू, बंद. दाब किती, गोंद वाळवायचे तापमान किती, किती सेकंद, हे सगळे पासवर्डच्या मागे, आणि पासवर्ड पुरवठादाराच्या इंजिनियरकडे. रोटरची जाडी बदलली की त्याला मेसेज करायचा. तो तिकडून इंटरनेटवरून स्क्रीनवर येणार, आकडे बदलणार आणि जाणार. तेवढ्या वेळात पोरे मोबाइलवर फोटो काढायला टपलेली असत, त्यातला एक मुलगा ते आकडे वहीत तारखेसह उतरवून ठेवत असे. चिनी नववर्षाची सुट्टी लागली की लाइन उभी. मालक मराठी, जागा आपली, कामगार आपले. पण मशीनला नवीन माप द्यायचे तर हुकूम दुसऱ्याचा. ती वही आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे, कारण त्या सगळ्या व्यवहारात आपल्याकडे शिल्लक राहणारी तेवढीच एक वस्तू होती.

माणसांचेही तसेच. २०२५ च्या उन्हाळ्यात फॉक्सकॉनने भारतातल्या आयफोन कारखान्यांतून तीनशेच्या वर चिनी इंजिनियर परत बोलावल्याच्या बातम्या आल्या. बोगदे खोदण्याची यंत्रे जर्मन कंपनीची, पण बनली चीनमध्ये, म्हणून भारतात यायची अडून बसली. त्यावर पीयूष गोयल यांनी २०२४ मध्ये दिल्लीत जर्मन मंत्र्यांपुढे जाहीर नाराजी व्यक्त केली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेदरलँड्स सरकारने चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या चिप कंपनीचा ताबा घेतला, तेव्हा चीनने त्यांच्या डोंगग्वानच्या कारखान्यातून निर्यात थांबवली. चिपची चकती जर्मनीत बनते, पण तिला कापून पाय लावण्याचे काम बहुतांश चीनमध्ये होते. युरोपातल्या गाड्यांचे कारखाने घायकुतीला आले. नोव्हेंबरात डच सरकारने तो आदेश स्थगित केला. कागदावर मालक कोण, हे एकट्याने पुरत नाही. काम कुठे होते तेही बघावे लागते.

मी तुमच्या जागी असते तर ४९ टक्के दिले नसते. यंत्रे विकत घेतली असती, गरज पडली तर तंत्रज्ञानाची फी देऊन करार केला असता, आणि करारात लिहून घेतले असते की कंट्रोलरचा पासवर्ड, प्रोग्रामचा बॅकअप आणि प्रक्रियेचे सगळे आकडे यंत्र बसवल्याच्या दिवशी माझ्या ताब्यात मिळतील, शेवटचा हप्ता त्यानंतरच. चुंबक आमच्याकडूनच घ्या अशी अट असेल तर ते तुम्हाला भागीदार करत नाहीत, गिऱ्हाईक करत आहेत. मग एका संध्याकाळी स्टोअरच्या माणसाला घेऊन बसा आणि प्रत्येक भागासमोर दोन आकडे लिहा: माल येणे थांबले तर किती दिवस चालेल, आणि दुसरा पुरवठादार शोधून, नमुने तपासून, ग्राहकाची पीपॅप, म्हणजे नवा भाग वापरण्याआधीची मंजुरी मिळायला किती दिवस लागतील. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तो भाग धोक्याचा. मग तो चीनचा असो की चाकणचा.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली आहे, वर्षाला ६,००० टन क्षमतेची. ते कारखाने उभे राहायला वेळ लागेल. तोवर फेराइट, म्हणजे दुर्मीळ धातू न लागणाऱ्या चुंबकाच्या मोटरवर काम करणारे ग्राहक शोधा. तुमच्या टूल रूमला ते जमण्यासारखे आहे.

मोसंबीची बाग आहे. ऐन फळगळीच्या वेळी ००:५२:३४ या विद्राव्य खताची बॅग मिळाली नाही. दुकानदार म्हणतो चीनने अडवले. शेवटी मिळाली ती चढ्या भावात, वर नको ती औषधेही गळ्यात मारण्याचे लिंकिंग. सीमेवरच्या भांडणाचा माझ्या ठिबकशी काय संबंध?
— बागायतदार, घनसावंगी, जि. जालना

संबंध आहे, आणि दुकानदार त्या बाबतीत खरे बोलला. विद्राव्य खतांपैकी सुमारे ८० टक्के माल चीनमधून येतो, असे या धंद्यातल्या संघटनेनेच सांगितले होते. चीनने ऑक्टोबर २०२१ पासून खत बाहेर पाठवण्याआधी सरकारी तपासणी सक्तीची केली. २०२५ च्या मध्यावर भारताच्या मालाची ही तपासणीच होईना. इथेही बंदीचा हुकूम नव्हता. माल तयार, कंटेनर भरलेला, आणि तपासायला अधिकारी येत नाही. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला आले तेव्हा चुंबके, बोगद्यांची यंत्रे आणि खते या तिन्हींचा विषय निघाल्याच्या बातम्या होत्या. घनसावंगीची मोसंबी त्या टेबलावर कुणाला दिसली असेल का, हे माहीत नाही. पण ती तिथे होती.

अडवण्यामागे नुसते वैर असते असेही नाही. त्यांना त्यांच्या शेतकऱ्याला खत स्वस्त ठेवायचे असते. शिवाय तुमच्या बागेला लागणारा फॉस्फरस आणि इलेक्ट्रिक गाडीच्या एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीतला फॉस्फरस एकाच दगडातून निघतो, आणि त्या बॅटऱ्या सर्वांत जास्त तेच बनवतात. म्हणजे हा माल पुढेही सैल हाताने मिळेल, असे धरून चालू नका.

सगळ्या ग्रेडचा धोका सारखा नाही. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट चिली, इस्रायल आणि जॉर्डनमध्येही बनते. स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) विद्राव्य ग्रेडमध्ये, म्हणजे १२:६१:०० आणि ००:५२:३४ मध्ये आपण चीनवर जास्त टेकलो आहोत. सिंगल सुपर फॉस्फेट देशात बनते; त्याचा कच्चा दगड आपणही मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तकडून आणतो, पण निदान देश अनेक आहेत. स्फुरदाचा मोठा हिस्सा बहार धरतानाच जमिनीतून सुपर फॉस्फेटने द्यायचा आणि विद्राव्य बॅग फक्त फवारणीच्या नाजूक वेळेसाठी राखायची, असे नियोजन करता येते. किती द्यायचे ते माती आणि पान तपासून ठरवा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, मी खतांची तज्ज्ञ नाही. सांगायचे ते खरेदीतल्या अनुभवावरून सांगते: गावातल्या बागायतदारांनी शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत हंगामाच्या आधी एकत्र खरेदी करावी. फळगळ सुरू झाल्यावर दुकानात उभा राहणारा माणूस भाव करू शकत नाही. लिंकिंगसाठी पक्के बिल मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तोंडी नको. बिल द्यायला दुकानदार का-कू करतो तिथेच अर्धी तक्रार सिद्ध होते.

चीन कर्ज देऊन देश गिळतो, हंबनटोटा बंदर तसेच गेले, असे मी वर्गात मुलांना सांगत आलो. आता एका नातवाने ‘आजोबा, हे खरे नाही’ म्हणून वाद घातला. खरे काय?
— निवृत्त शिक्षक, लातूर

सर, नातू बराचसा बरोबर आहे, पण त्यावरून धोका नव्हता असे त्याने समजू नये.

श्रीलंकेने डिसेंबर २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या कराराने चायना मर्चंट्स कंपनीकडे दिले. त्याचे १.१२ अब्ज डॉलर आले. कर्ज फिटले नाही म्हणून बंदर जप्त झाले, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. प्रत्यक्षात त्या पैशातून चीनचे कर्ज फिटलेच नाही, ते तसेच राहिले. डॉलर परकीय गंगाजळीत गेले, कारण श्रीलंकेला आंतरराष्ट्रीय रोख्यांचे हप्ते भरायचे होते. एप्रिल २०२२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली त्यातही या रोख्यांचा वाटा मोठा होता. सावकाराने सापळा लावला यापेक्षा, बंदराला जहाजे येतील का हे न मोजता राज्यकर्त्यांनी ते बांधले, ही चूक मोठी.

पण ऑगस्ट २०२२ मध्ये काय झाले ते नातवाला सांगा. उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारे चिनी जहाज ‘युआन वांग ५’ हंबनटोटाला लागले. भारताने हरकत घेतली, कोलंबोने आधी जहाज पुढे ढकलायला सांगितले, मग परवानगी दिली. देश गिळला गेला नाही. ‘नाही’ म्हणायची ताकद गेली. ग्रीसमध्येही असेच झाले. पिरेअस बंदरात चीनच्या कॉस्कोने २०१६ मध्ये ५१ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनवर टीका करणारे युरोपीय संघाचे निवेदन यायचे होते, ते ग्रीसने अडवले. बंदराच्या करारात तशी ओळ नक्कीच नव्हती. गुंतवणुकीचा धोका मोजताना आपण जप्तीची भीती धरून बसतो, आणि कुठल्या प्रसंगी आपल्या सरकारची जीभ जड होईल हे मोजत नाही. मोजायला अवघड आहे म्हणून ते सोडून देता येत नाही. वर्गात आता दोन्ही सांगा. मुलांना सोप्या गोष्टीपेक्षा खरी गोष्ट जास्त लक्षात राहते, असा तुमचाही अनुभव असेल.

औषधांचा कच्चा माल चीनमधून येतो म्हणतात. मग आपण बहिष्कार कसा घालायचा?
— औषध विक्रेते, परभणी

घालू नका. आपण आयात करतो त्या औषधी कच्च्या मालापैकी सुमारे ७० टक्के चीनचा आहे. बहिष्काराने रुग्ण मरेल, बीजिंगला कळणारही नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५० च्या दशकात पेनिसिलिन बनत होते. पुढे चिनी मालाच्या भावापुढे भारतातले पेनिसिलिन-जीचे उत्पादन बंद पडले, आणि ते परत सुरू करायला केंद्राच्या अनुदानाने काकीनाड्यात नवा कारखाना उभारावा लागला, २०२४ मध्ये. एकदा मोडलेला कारखाना परत उभा करायला इतकी वर्षे लागतात. सरकारी खरेदीत नुसता कमी भाव न बघता देशी मालाला थोडा जास्त भाव मिळावा, अशी मागणी तुमच्या संघटनेने करावी. ती बहिष्कारापेक्षा कामाची.

ग्रामपंचायतीने चौकात सीसीटीव्ही बसवले, शाळेवर सोलर बसते आहे. दोन्हींत चिनी माल आहे असे एक सदस्य म्हणतो. ठराव करून काढून टाकावे का?
— सरपंच, बीड जिल्हा

काढू नका, पण ताब्यात घ्या. तुमच्या चौकातल्या कॅमेऱ्यात चीनला रस नाही. पण संजय धोत्रे केंद्रात राज्यमंत्री असताना २०२१ मध्ये लोकसभेत सांगितले गेले होते की सरकारी संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे आहेत. त्यातला प्रत्येक क्षुल्लक. सगळे मिळून क्षुल्लक नाहीत. ९ एप्रिल २०२५ पासून सरकारमान्य सुरक्षा चाचणी झाल्याशिवाय नवे कॅमेरे विकता येत नाहीत. पुढच्या खरेदीत ते प्रमाणपत्र मागा. जुन्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला, आणि रेकॉर्डरला इंटरनेटची गरज नसेल तर ती वायर काढून ठेवा.

सोलरचे पॅनेल नुसती काच आहे, त्याची काळजी नको. इन्व्हर्टर बघा. त्याला वायफायचे डोंगल असते आणि त्याचे ॲप खाते बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या मोबाइल नंबरवर उघडलेले असते. म्हणजे शाळेची वीज बंद करण्याचे बटण ठेकेदाराच्या खिशात, आणि त्याच्याही वर कंपनीच्या सर्व्हरवर. लिथुआनियाने २०२४ च्या नोव्हेंबरात कायदा केला की १०० किलोवॉटच्या वरच्या सोलर आणि पवन प्रकल्पांवर चीनमधून दूरनियंत्रण चालणार नाही. तुमच्या शाळेचा संच त्याच्या किती तरी खाली आहे. पण कृषिपंपांसाठी गावोगाव मोठे सौर प्रकल्प उभे राहत आहेत, त्यांच्या निविदेत हा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे. ग्रामसभेत तुम्ही विचारा. बिल चुकते करण्याआधी खाते ग्रामपंचायतीच्या नंबरवर करून घ्या.

मॅडम, मी नांदेडला एम.एस्सी. भौतिकशास्त्र केले. बॅटरीच्या पदार्थांवर पीएच.डी. करायची आहे. चीनमधल्या एका विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता आहे. इथे फेलोशिपचा भरवसा नाही. घरचे म्हणतात, शत्रूच्या देशात जाऊ नकोस. गेले तर पुढे इथे नोकरी मिळेल का?
— विद्यार्थिनी, नांदेड

तुझे पत्र शेवटी ठेवले कारण ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरच्यांची काळजी समजते, पण बॅटरी शिकायची तर आज चीनकडे पाठ फिरवून शिकता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेने २०२४ मध्ये ६४ महत्त्वाच्या तंत्रज्ञानांत कोणता देश संशोधनात पुढे आहे याचा हिशेब मांडला. २००३ ते २००७ या काळात चीन त्यातल्या ३ मध्ये पहिला होता, २०१९ ते २०२३ मध्ये ५७ मध्ये. ‘ते चोरी करून पुढे गेले’ म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

ज्या एलएफपी बॅटरीवर आज चीनचे राज्य आहे तिचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातला. त्यातले नोबेल मिळालेले जॉन गुडइनफ यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. निबंधावरची पहिली दोन नावे मात्र ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी अशी आहेत. आपल्याकडे बुद्धी नव्हती म्हणून बॅटरी चीनची झाली, असे नाही. प्रयोगशाळेतून कारखान्यात न्यायला वीस-वीस वर्षे पैसा लावणारा देश तिकडे होता. आणि जुलै २०२५ मध्ये चीनने या बॅटरीच्या कॅथोडचे तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रणाच्या यादीत टाकले. म्हणजे प्रयोगशाळेत शिकलेल्या काही गोष्टी इथे येऊन वापरताना अडचण येऊ शकते. गाइडला हे पहिल्याच पत्रात विचार: कोणते काम प्रसिद्ध होणार, कोणते कंपनीच्या मालकीचे राहणार?

विद्यापीठ कोणते, हे तू लिहिले नाहीस, आणि सगळे त्यावर आहे. सात विद्यापीठे अशी आहेत की त्यांचे संरक्षण संशोधनाशी जुने नाते आहे. बेइहांग, हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल ही त्यांतली. अमेरिकेने २०२० मध्ये हार्बिनच्या दोन विद्यापीठांना निर्बंधांच्या यादीत घातले तेव्हा तिथल्या मुलांना मॅटलॅब हे साधे सॉफ्टवेअर वापरता येईना. अशा ठिकाणी जाऊ नकोस. प्रमाणपत्रावर ते नाव आयुष्यभर राहते. शिवाय चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या संस्थांना आणि नागरिकांना सरकारच्या गुप्तवार्ता कामाला मदत करणे बंधनकारक आहे. तुझे गाइड सज्जन असतील, पण हा कायदा त्यांनाही लागू आहे.

संशयाची दुसरी बाजूही तुला ठाऊक असू दे. अमेरिकेने २०१८ मध्ये ‘चायना इनिशिएटिव्ह’ नावाची मोहीम काढली. हार्वर्डचे चार्ल्स लीबर चीनकडून मिळालेला पैसा लपवल्याबद्दल दोषी ठरले. पण एमआयटीचे गँग चेन यांच्यासारख्यांवरचे खटले टिकले नाहीत, त्यांच्यावरचे आरोप जानेवारी २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि पुढच्या महिन्यात मोहीमच बंद झाली. दोन्ही प्रकरणांतून मी एकच घेते: काही लपवायचे नाही. शिष्यवृत्ती, मानधन, प्रवासखर्च, सगळे कागदावर ठेव आणि परत आल्यावर प्रत्येक अर्जात स्वतःहून लिही. इथल्या प्रयोगशाळेतली अप्रकाशित माहिती, दुसऱ्याचे नमुने नेऊ नकोस. भारतात राहून लागलेल्या शोधाचे पेटंट आधी परदेशात टाकायचे तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे परवानगी लागते, तेही लक्षात ठेव.

नोकरी मिळेल का? संरक्षण किंवा अणुऊर्जा खात्यात जायचे मनात असेल तर अवघड जाईल असे मला वाटते, तेव्हा चीन सोड. बॅटरी कारखान्यात जायचे असेल तर उलट तुला मागणी राहील. वाळूज-बिडकीनच्या पट्ट्यात पुढच्या काळात अशीच माणसे लागणार आहेत. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कोरोनात चीनने दारे बंद केली तेव्हा तिथे शिकणारी हजारो भारतीय मुले, बहुतेक वैद्यकीयची, इकडेच अडकली. विद्यार्थी व्हिसा परत सुरू झाले ते ऑगस्ट २०२२ च्या सुमारास. प्रयोगाची पीएच.डी. ऑनलाइन होत नाही. म्हणून कोरिया, जपान, तैवान इथेही अर्ज टाक, आणि बेंगळुरूची आयआयएससी, पुण्याची आयसर यांचेही फॉर्म सोडू नकोस. शिष्यवृत्तीचे पत्र आले की सही करण्याआधी मासिकाच्या पत्त्यावर त्याची प्रत पाठव. बौद्धिक संपदेचे कलम बहुधा मागच्या पानांवर बारीक अक्षरात असते. ते मी वाचून तुला काय आहे ते कळवते.